नववा चौकोन

४ जून

भिंगरे,

मावशीचं पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. म्हणजे तुझे काका सोडून. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणार, म्हणून आधीच सांगते. झटका आल्यापासून काकांची वाचा गेली ती अजून आलेली नाही, आणि आपल्यासमोर कुणी घडाघडा बोलतंय हे त्यांना सोसत नाही. परवा तुझ्या आईशी फोनवर मी जरा हसून बोलले, तर हे भिंतीकडे तोंड करून झोपले ते जेवायलाही उठले नाहीत. तेव्हापासून माझा फोन मुका.

एक शब्द तेवढा राहिलाय. "चला." शाळेच्या मैदानावर जन्मभर पोरं पळवली, तोच तोंडात चिकटून बसला. पाणी हवं, "चला". दिवा मालव, "चला". माझा राग आला तरी "चला"च, फक्त वरच्या पट्टीत. डोकं अगदी शाबूत आहे गं. सगळं कळतं, पण आतला शब्द बाहेर निघताना वाटेत हरवतो. उजवा हात लुळा, त्यामुळे लिहूनही दाखवता येत नाही.

थेरपिस्ट बाई म्हणतात, हे सुरुवातीचे महिने वाया घालवू नका, जे परत यायचं ते आत्ताच येतं. चित्र दाखवा, खाली शब्द दाखवा, त्यावर बोट ठेवू द्या. त्यांनी पत्ते दिले होते, कप, खुर्ची, मांजर वगैरे. काकांनी मांजर उचललं आणि गॅलरीतून खाली भिरकावलं. बरोबरच आहे! दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावणाऱ्या माणसाला बालवाडीत बसवलं तर तो दुसरं काय करणार?

आता मुद्द्यावर येते. ग्रंथालयात मी नवशिक्यांचा प्रोग्रामिंगचा वर्ग केला होता, आठवतंय ना? "मावशी, या वयात?" म्हणून तू पोट धरून हसली होतीस. तर त्या वर्गाचा गृहपाठ मी करत असते तेव्हा काका आपणहून शेजारी येऊन बसतात. दिवसभरात तेवढंच. मी चुकले की त्यांचा चेहरा उजळतो. म्हणून ठरवलंय, कॉम्प्युटरवर मीच एक विंडो करणार, त्यात चित्रं आणि खाली शब्द. पत्ते नाही, कॉम्प्युटर आहे म्हटल्यावर मान खाली जात नाही.

पण वर्ग रेघा आणि गोल काढण्यापर्यंत आला आणि संपला. काल मी शब्द काढायला बसले. "बूट" असं लिहिलं, जागा सांगितली डावीकडून शून्य, वरून शून्य. विंडो उघडली तर शब्दच नाही! वरच्या कडेला नुसती ऊकाराची शेपटी लोंबतेय. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि "चला?" म्हणाले. म्हणजे, बाकीचा बूट कुठाय? मलाही तेच विचारायचंय.

तुझी
मावशी


१० जून

ती. मावशी,

पत्र डबा खाता खाता वाचलं आणि ऊकाराच्या शेपटीपाशी मोठ्याने हसले. ऑफिसातले सगळे वळून बघायला लागले. मग पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

तुझा बूट छतात गेलाय. ही चूक आपलीच माणसं करतात. आपण वहीत अक्षरं रेघेला टांगतो, म्हणून तुला वाटलं, वरची कड ही रेघ, शब्द तिच्याखाली लोंबेल. कॉम्प्युटर अक्षरं रेघेवर बसवतो, फळीवर डबे मांडतात तशी. तू फळीच छताला लावलीस, मग डबे छताच्या वर गेले. वरून अंतर जास्त दे, साठ दे, सत्तर दे. आणि लक्षात ठेव, वरून खाली मोजायचं, आकडा वाढला की वस्तू खाली.

चित्राचं उलटं. चित्राला तू जी जागा सांगशील तिथे त्याचा वरचा डावा कोपरा येतो आणि बाकीचं अंग खाली पसरतं. म्हणजे शब्दाला आणि चित्राला एकच आकडे दिलेस तर शब्द चित्राच्या डोक्यावर बसेल. तुला शब्द खाली हवा, म्हणून चित्राची उंची मिळवायची आणि वर अक्षरांपुरती जागा सोडायची. आणखी एक, जे नंतर काढशील ते आधीच्यावर बसतं. भिंत रंगवून झाल्यावरच तसबीर लावतात.

पण मावशी, तू एवढं कशाला करतेस? मी रोज हेच काम करते. प्रयोगशाळेतल्या यंत्रांचे आकडे आणि काटे पडद्यावर काढायचे, यावर माझं पोट भरतं. तुझी ती विंडो मी रविवारी करून पेन ड्राइव्ह पाठवते. सुबक चित्रं, मोठी अक्षरं, बोट ठेवलं की शब्द उजळेल. तू काकांकडे बघ.

काकांना सांग, सायकल शिकवताना ते माझ्यामागे शिट्टी फुंकत पळायचे ती शिट्टी मला अजून ऐकू येते.

तुझी
भिंगरी


२३ जून

भिंगरे,

पेन ड्राइव्ह मिळाला. रागावू नकोस, पण काकांनी तुझ्या प्रोग्रामला पाठ दाखवली.

प्रोग्राम सुरेख आहे गं. शेजारीण बघून गेली, म्हणाली विकत घेतलात का? पण त्यातला कप कुणाचा? कुठल्या तरी परक्या माणसाचा, चकचकीत. आमचा कप कान तुटलेला आहे, आणि काकांना त्यातच चहा लागतो. आणि खरं सांगू का, तुझ्या कामात चूकच नाही. मग शेजारी बसून त्यांनी करायचं काय? मी चुकायची, त्यांनी बोट दाखवायचं, हा आमचा खेळ आहे, आणि तो तू मोडलास. मनाला लावून घेऊ नकोस. तू प्रेमाने केलंस हे मला कळतं.

तर मी माझंच पुढे रेटलंय. कॅमेरा घेऊन घरभर हिंडले. कान तुटलेला कप, त्यांचे कॅनव्हासचे बूट, चष्मा, शिट्टी, सगळ्यांचे फोटो काढले. पहिल्या दिवशी शब्द आधी काढला आणि फोटो नंतर, तर कपाने आपलं नाव गिळून टाकलं. काकांनी कपावर टकटक केली, जणू म्हणतायत, बाहेर काढ त्याला. ओळी उलट्या केल्या आणि "कप" वर आला. तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पळून पहिला आलेल्या पोराला मारायचे तशी.

आता ते सकाळी माझ्याआधी कॉम्प्युटरपाशी जाऊन बसतात. कपावर बोट ठेवलं की मी चहा टाकते. बुटांवर ठेवलं की फिरायला. काल त्यांनी चष्म्यावर बोट ठेवलं आणि चष्मा त्यांच्या नाकावरच होता. काच पुसून हवी होती! हे मला कळलं म्हणून दोघंही इतके हसलो की विचारू नकोस.

एकच तक्रार, शब्द चित्राच्या मधोमध येत नाही. कधी डावीकडे सरकतो, कधी उजवीकडे. काका हाताने खूण करतात, रांग सरळ करा. सवय जाते का कधी?

तुझी
मावशी


१२ जुलै

ती. मावशी,

तुझं पत्र नाही म्हणून परवा फोन केला, तू कट केलास. आईला विचारलं तर ती म्हणाली, ताईने चिठ्ठीत लिहिलंय, सगळं ठीक आहे. तू "सगळं ठीक आहे" म्हणालीस म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलंय. मला ओळखतेस ना? पत्र आलं नाही तर मी पुढच्या गाडीने येऊन दार वाजवीन.

शब्द मधोमध आणायची रीत सांगते. अंदाजपंचे आकडे देऊ नकोस. शब्द किती रुंद होईल ते कॉम्प्युटरलाच विचारता येतं. चौकोनाच्या रुंदीतून ती वजा कर, उरेल त्याचं निम्मं डावीकडे सोड. छोटा शब्द असो की मोठा, रांग सरळ.

तुझी
भिंगरी


१६ जुलै

भिंगरे,

येऊ नकोस. आत्ता नको. काकांना कुणी बघायला आलेलं आवडणार नाही.

काय झालं ते सांगते. मागच्या आठवड्यात ते शिट्टीवर बोट ठेवून बसले होते. ओठांचा चंबू केला होता, काहीतरी येत होतं. भिंगरे, खरंच येत होतं, "शि" असा आवाज मी ऐकला. मला भान राहिलं नाही. म्हटलं, आणखी फोटो दाखवू, मैदानाचा, पोरांचा. म्हणून मी फोटोंची दुसरी विंडो उघडली, ती त्यांच्या चित्रांवर आली. नको तो फोटो निघाला म्हणून पुन्हा बंद केली. खाली बघते तर सगळं पांढरं. शिट्टी नाही, कप नाही, शब्द नाहीत. त्यांचं बोट तिथेच, कोऱ्या जागेवर.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या बोटाकडे. मग मूठ वळली आणि स्वतःच्या कपाळावर मारायला लागले. "चला, चला, चला." त्यांना वाटलं, शब्द गेले तशी आता चित्रंही गेली. डोळ्यांदेखत गेली. मी हात धरला, ओरडून सांगितलं की अहो, मशीन बिघडलं, तुम्ही नाही! पण ते ऐकण्याच्या पलीकडे होते. रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

तेव्हापासून त्या खोलीत पाय टाकत नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड. "चला"ही म्हणत नाहीत. कॉम्प्युटरवर मी चादर टाकून ठेवलीय. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, असं होतं, धीर धरा. धीर धरायला त्यांचं काय जातं! महिने तर चाललेत.

हे माझ्या हातून झालं. चांगलं तयार करून पाठवलं होतंस, ते नाकारून मी ही हौस केली.

मावशी


१९ जुलै

मावशी,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या आधी चादर काढ. मग काकांपाशी बस आणि त्यांना वाचून दाखव. मुद्दाम सोपं लिहिते.

काका, विंडोला स्मरणशक्ती नसते. अजिबात नसते. तिच्यावर काढलेलं चित्र ती जपून ठेवत नाही. वरून दुसरी विंडो गेली की खालचं पुसलं जातं, ओल्या वाळूवरून कुणी चालत गेल्यासारखं. हे प्रत्येक कॉम्प्युटरवर होत आलंय आणि प्रत्येक नवशिक्याबरोबर झालंय. माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांसमोर माझ्या यंत्राचा काटा असाच नाहीसा झाला होता, आणि मी त्यांना म्हणाले होते, साहेब, तुम्ही नीट बघत नाही आहात. तुमच्या डोळ्यांना किंवा डोक्याला काही झालेलं नाही. चूक मावशीची आहे, आणि ती दुरुस्त होणारी आहे.

आता मावशी, तुझ्यासाठी. तू चित्रं कुठे काढलीस? बटण दाबलं की काढा, असं ना? म्हणजे एकदाच काढलीस आणि विसरलीस. पुसलं गेलं की विंडो हाक मारते, "मला पुन्हा रंगव." दर वेळी मारते. तू त्या हाकेला उत्तरच ठेवलेलं नाहीस. तर काढायच्या सगळ्या ओळी बटणातून उचल आणि त्या हाकेच्या उत्तरात ठेव. तुझ्या वर्गाच्या टिपणांत "रंगवणे" नावाचा भाग असेल, तोच. फोटो मात्र सुरुवातीला एकदाच उघडून ठेव, दर हाकेला नव्याने शोधत बसू नकोस. मग शंभरदा पुसलं गेलं तरी शंभरदा परत येईल.

आणि पुन्हा "हे माझ्या हातून झालं" म्हणालीस तर बघ. त्या "शि" पर्यंत माझा सुबक प्रोग्राम त्यांना घेऊन गेला नव्हता, तू गेली होतीस.

तुझी
भिंगरी


५ ऑगस्ट

भिंगरे,

तुझं पत्र वाचून दाखवलं. "चूक मावशीची आहे" इथे काकांनी भिंतीवरची नजर काढली. मी तेच वाक्य पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला हाताने खूण केली! म्हटलं, वाचते, जितक्यांदा हवं तितक्यांदा वाचते.

पण खोलीत येईनात. मग मी ओळी हलवल्या, चार वेळा चुकले, पाचव्यांदा जमलं. जुना प्रोग्राम आणि नवा, दोन्ही शेजारी शेजारी उघडून ठेवले आणि दारातून म्हटलं, "अहो, पंच म्हणून तरी या. दोघांची शर्यत आहे." पंच म्हटल्यावर आले. दारातच उभे राहिले.

घड्याळाची छोटी विंडो मी जुन्यावरून फिरवली. शिट्टी पुसली गेली, त्यांचा श्वास अडकला. तीच नव्यावरून फिरवली. कप गेला आणि आला. चष्मा गेला आणि आला. त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं, माउस डाव्या हातात घेतला आणि घड्याळ स्वतः फिरवायला लागले. झाकायचं, हटवायचं, "चला!", चित्र हजर. पुन्हा झाकायचं, "चला!", पुन्हा हजर. इतकी आज्ञाधारक पोरं त्यांना शाळेत कधी मिळाली नसतील. संध्याकाळपर्यंत तेच. मला स्वयंपाक सुचेना, नुसती बघत उभी राहिले.

आता तीन रांगा केल्यात, रांगेत तीन चौकोन. कप, बूट, चष्मा, शिट्टी, पांघरूण, औषध, रेडिओ, गॅलरीतली खुर्ची. शब्द मधोमध. पंच खूश.

फक्त एक कळत नाही. शेवटचा, खालचा उजवा चौकोन रिकामा राहतो. काका सारखं त्यावरच बोट ठेवतात आणि "चला" म्हणतात. आधी साधं, मग चिडून. माझी काहीतरी चूक राहिलीय आणि ती त्यांना दिसतेय, मला दिसत नाही. दोन दिवस आकडे तपासतेय. काय चुकलं असेल?

तुझी
मावशी


११ ऑगस्ट

ती. मावशी,

काही चुकलेलं नाही! चौकोन नऊ आणि चित्रं आठ, मग एक रिकामा राहणारच. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, त्यामुळे शेवटच्या चित्राचा क्रमांक सात येतो आणि आपण घोळात पडतो, एवढंच. एक तर चौकोन काढून टाक, नाहीतर नववं चित्र दे.

काका रिकाम्या जागेवर बोट ठेवतात म्हणजे त्यांना तिथे काहीतरी हवंय. चेंडू? वर्तमानपत्र? शाळेचं फाटक? आणि उगाच गंमत म्हणून माझाही एक फोटो पाठवतेय, सायकलवरचा. कोण जाणे, भाचीची आठवण येत असेल.

पुढच्या महिन्यात रजा मिळतेय. आता तरी येऊ ना?

तुझी
भिंगरी


२७ ऑगस्ट

भिंगरे,

चेंडू लावला, मान हलवली, नाही. वर्तमानपत्र, नाही. फाटक, नाही. तुझा सायकलवरचा फोटो लावला तेव्हा छान हसले, गालावरून बोट फिरवलं, आणि मग मला खूण केली की हा वेगळ्या जागी ठेव. तुला वरच्या रांगेत नेलं, त्यासाठी रांग एकाने वाढवली. खालचा चौकोन पुन्हा रिकामा आणि बोट पुन्हा तिथेच.

मी कंटाळले. खोटं कशाला सांगू, करवादले. म्हटलं, "अहो, घरातली एकूण एक वस्तू काढून झाली, आता काय कपाळ काढू माझं?" तर त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हाताने, घट्ट. माझा पंजा त्या रिकाम्या चौकोनावर टेकवला आणि दाबून धरला. "चला," म्हणाले. हळू म्हणाले.

मठ्ठ गं मी. कप काढला, बूट काढले, खुर्चीसुद्धा काढली. कॅमेरा माझ्याच हातात, मग मी कुठल्या फोटोत येणार? आणि तो माणूस पंधरा-वीस दिवस मला मागतोय, आणि मी आकडे तपासतेय.

शेजारणीला हाक मारून फोटो काढवला. केस नीट करायला उठले तर "चला!" असे ओरडले, म्हणजे तशीच बस. लावला चौकोनात. खाली शब्द हवा, म्हणून माझं नाव लिहिलं. त्यांनी बघितलं आणि मान हलवली, नाही. "सौ." जोडून बघितलं. नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. लग्न झाल्यापासून यांनी मला नावाने कधी हाक मारलीय? मी म्हणायचं "अहो" आणि त्यांनी म्हणायचं ते नेहमीचंच, दुसरं काय!

टाइप केलं. अंदाज न करता रुंदी विचारली, निम्मं डावीकडे सोडलं, वर टिंबापुरती जागा ठेवली. विंडोने हाक मारली, चित्र आलं, खाली शब्द आला. अगदी मधोमध.

त्यांनी बोट ठेवलं. ओठ हलले. आधी नुसती हवा. मी श्वाससुद्धा घेतला नाही. मग "अ". मग पुन्हा हवा. आणि मग भिंगरे, माझ्याकडे बघून, पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं."

मी रडले. अगदी हमसून रडले, शेजारणीसमोर. ते माझ्या पाठीवर थाप मारत राहिले.

त्याला आता आठवडा झाला, आणि ऐक काय चाललंय ते. सकाळपासून अगं, अगं, अगं! पाणी हवं, अगं. दिवा मालव, अगं. काही नको असलं तरी अगं, उगाच, मी ओ देते की नाही बघायला. "चला" बिचारा मागे पडला. कान किटले माझे. काल दूध उतू गेलं, परवा भाजी करपली. म्हटलं, "अहो, जरा दम धरा की!" तर काय म्हणावं? "अगं!" आणि मिशीत हसतात.

थेरपिस्ट बाई म्हणतात, एक शब्द सुटला म्हणजे वाट मोकळी झाली, आता शिट्टीच्या मागे लागा. लागणार आहे. तू ये. नक्की ये, आणि आपण दोघी त्यांच्यासमोर भरपूर बोलू, आता ते तोंड फिरवत नाहीत. काल तुझ्या आईचा फोन त्यांनी स्वतः माझ्या हातात आणून दिला. आणि आलीस की तुला विचारायचंय ते

थांब, हाक आली. ओ देऊन येते.